पहिली वेबसाइट करतोयस? आधी मजकूर माग

डिझाइनला हात लावण्याआधी क्लायंटच्या दुकानात तासभर बस. ग्राहक फोनवर काय विचारतात ते ऐक: भाव, वेळ, पत्ता. तीच उत्तरं पहिल्या पानावर वर हवीत. मालकाचं मनोगत खाली चालेल.

मग मजकूर माग. काम हमखास इथेच अडतं. ‘फोटो पाठवतो’ म्हणता म्हणता महिना जातो, म्हणून मजकूर द्यायची तारीख करारातच लिही, आणि आगाऊ रक्कम हातात आल्याशिवाय सुरुवात करू नकोस. मराठी मजकूर पुष्कळदा जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना वाचता येणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटात येतो. तो तसाच चिकटवला तर साइटवर निरर्थक अक्षरं दिसतात, गूगललाही वाचता येत नाहीत. त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर कर आणि जोडाक्षरं स्वतः डोळ्यांखालून घाल.

आराखडा आधी मोबाइलवर, ३६० पिक्सेल म्हणजे साध्या फोनच्या पडद्याच्या रुंदीत दाखव.

डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, मात्र क्लायंटच्याच नावाने, त्याच्याच ईमेलवर घे. माझ्याकडे आलेल्या एका डॉक्टरांचं डोमेन आधी साइट करून दिलेल्या माणसाच्या नावावर होतं. तो फोन उचलेना. शेवटी नवं नाव घेऊन पाटीपासून केसपेपरपर्यंत सगळं पुन्हा छापावं लागलं. त्यांचा तो उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.