इंदूरच्या राजवाड्याजवळ खायचं कुठे? आधी कधी ते ठरवा

पुण्याहून डिसेंबरात इंदूरला लग्नाच्या खरेदीला येताय, मुक्काम राजवाड्याजवळ, सगळे शाकाहारी, सोबत दोन मुलं आणि आजी, त्यात मधे एक दिवस आजींचा उपवास. खायचं कुठे या तुमच्या प्रश्नाला बहुतेकांनी एका शब्दात उत्तर दिलंय : सराफा, म्हणजे दिवसा दागिन्यांचा आणि रात्री खाण्याचा बाजार. चूक नाही, पण सकाळी अकराला तिथे जाऊन उभे राहिलात तर बांगड्या आणि मंगळसूत्रांशिवाय फारसं काही दिसायचं नाही. या भागात आधी घड्याळ बघायचं, मग दुकान.

सकाळी हॉटेलातला फुकटचा नाश्ता सोडा. सीतलामाता बाजार, क्लॉथ मार्केट इथली साड्यांची दुकानं सावकाश उघडतात, तोवर पोहे-जिलबी उरकून घ्या. आपल्यासारखे कढईत परतलेले पोहे इथे नसतात. खाली पाणी उकळत असतं आणि वर परातीत पोह्यांचा पिवळा ढीग वाफेवर गरम राहतो. तेल बेताचं, चव गोडसर, मधेच बडीशेप. वरून कच्चा कांदा, शेव, बुंदी, लिंबू आणि जीरावन, म्हणजे इथला भुरभुरायचा मसाला. पहिला घास पुणेकराला फिका लागतो, म्हणून जीरावन जरा सढळ हाताने मागा. तिखट हवं असेल तर राजवाड्याजवळ प्रशांतकडे उसळ-पोहे खा. मिसळीशी तुलना मात्र तिथे उभं राहून मोठ्याने करू नका, आजूबाजूचे निम्मे लोक मराठी समजतात!

दुपारी दोन रस्ते आहेत. खरेदी बाकी असेल तर एखादी कचोरी आणि वर बड्या सराफ्यात नागोरीची शिकंजी. इथली शिकंजी लिंबाची नसते. आटवलेलं दूध, केशर, वेलची, सुकामेवा आणि पाठीमागे किंचित आंबटपणा. एक ग्लास दोघांत पुरतो. ही दिवसाचीच गोष्ट आहे, रात्री शोधू नका. खरेदी संपली असेल तरच सराफ्यात राजहंसकडे दाल-बाफले. बाफला म्हणजे आधी पाण्यात उकडून मग भाजलेली आणि तुपात बुडवलेली बाटी. दोन खाल्ल्यावर माणूस शालू निवडायच्या लायकीचा राहत नाही.

रात्रीसाठी पोट रिकामं ठेवा, संध्याकाळी सहानंतर चहावर भागवा. सराफ्यातली दागिन्यांची दुकानं बंद झाली की नऊनंतर त्यांच्याच ओट्यांपुढे ठेले लागायला लागतात. खरी गर्दी दहानंतर आणि पार रात्री दोनपर्यंत. शनिवार-रविवार शक्यतो टाळा. त्या गल्लीत मग पुढच्याच्या पाठीला नाक लावून चालावं लागतं, आणि आजींना ते झेपायचं नाही.

आत शिरल्या शिरल्या जे दिसेल ते घेऊ नका, आधी एक चक्कर मारा. मग तिखटापासून सुरुवात. पहिला भुट्ट्याचा कीस : कोवळं कणीस किसून तुपात, दुधात शिजवलेलं, मोहरी-हिंगाची फोडणी, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू. मुलांनाही आवडतो. मग विजय चाटचं खोपरा पॅटिस, वरून बटाटा, आत ओल्या खोबऱ्याचं सारण. जोशींचा दहीवडा चवीला आहेच, पण तिथे थांबायचं ते हातासाठी. दह्याचा द्रोण हवेत भिरकावून झेलतात, आणि एकाच चिमटीत धरलेले मसाले एकामागून एक वेगवेगळे सोडतात. मुलांना पुढे उभं करा.

आणि गराडू. डिसेंबरात येताय हे तुमचं नशीब, कारण हा थंडीचाच माल. कोनफळाच्या जातीतला कंद, चौकोनी तुकडे करून तेलात तळतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा गरम तेलात सोडतात. बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ, वर मसाला आणि लिंबाची धार. जागेवर, चटका बसत असताना खायचा. पुडीत बांधून हॉटेलवर नेलात तर त्याची रया जाते, मग मला नावं ठेवू नका.

गोडात मालपुवा-रबडी घ्या. जलेबा बशीएवढा असतो, चौघांत एक पुरे; फोटोसाठी छान, पण चवीला सकाळची पातळ जिलबीच सरस असं माझं ठाम मत. चायनीज, मोमो, चीजचे धबधबे कुठे दिसले तरी सोडा. त्यासाठी पुण्याहून इथवर येणं काही गरजेचं नाही.

आता आजींचा उपवास. साबुदाणा खिचडी सराफ्यात उत्तम मिळते, पण त्यांना आधी कल्पना द्या. आपली तुपात परतलेली, दाण्याचं कूट घातलेली खिचडी ती नव्हे. वाफवलेला मोकळा साबुदाणा, त्यावर मसाला, बटाट्याचा सळी-चिवडा, कोथिंबीर, लिंबू, सगळं डोळ्यांदेखत कालवून देतात. जीरावनात धणे-हळद असतात, तेव्हा उपवास कडक असेल तर ‘फरियाली (उपवासाचा) मसालाच घाला’ असं बजावून सांगा. एवढ्या रात्री त्यांना नेणं अवघड वाटलं तर तुम्ही बांधून आणा, गराडूसारखी ती बिघडत नाही.

एक संध्याकाळ छप्पन दुकानला ठेवा. न्यू पलासियात आहे, राजवाड्याहून रिक्षाने जा. रस्ता गाड्यांना बंद, बसायला जागा, रात्रीचं जागरण नाही; आजींसाठी सराफ्यापेक्षा हेच बरं. जॉनी हॉट डॉगकडे मुलांना पाठवा, त्याचा हॉट डॉग म्हणजे पावात तळलेली टिक्की. शाकाहारी असं आधी सांगा, कारण तिथे अंड्याचं आणि मटणाचंही असतं.

शेव निघायच्या दिवशीच घ्या, आणि चाखून घ्या. कोणताही नमकीनवाला मूठभर हातावर ठेवतो. लसणाची आणि लवंगेची वेगवेगळी बांधून घ्या, नाहीतर पुण्यापर्यंत दोन्हींना एकच वास लागतो. आणि स्वतःची गाडी घेऊन येत असाल तर ती हॉटेलवरच राहू द्या. राजवाडा ते सराफा पायी पाच मिनिटं, गाडीने किती ते त्या दिवशीच्या गर्दीवर.