लस बेनची, रजा बेनची, काम माझं

"सहकारी लस घेऊन घरी झोपते आणि तिचं काम माझ्या टेबलावर येतं. बोलले तर मला माणुसकी नाही, गप्प बसले तर आतल्या आत जळते. काय करू?" हा प्रश्न 2021 पासून वेगवेगळ्या तोंडून माझ्याकडे येतो आहे. तेव्हा कोविडची लस होती. आता कधी फ्लूची, कधी नागिणीची, कधी घरच्या बाळाचं बूस्टर. याची उलटी बाजूही तितक्याच वेळा ऐकते: "लस घ्यायची आहे, पण ताप आला तर रजा कुठल्या तोंडाने मागू?" बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत जानेवारीअखेर एक जण आली, तिच्या पदरात हे दोन्ही प्रश्न होते. तिच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात ती हिशेब सांभाळते. वय तेहतीस, पदरी सतरा महिन्यांचा मुलगा. हिशेबखात्यात माणसं दोनच, ही आणि सत्तावन्न वर्षांच्या एक गुजराती बाई. सगळा कारखाना त्यांना नुसतं "बेन" म्हणतो, ही पण. हिला काम बेननीच शिकवलं. बाळंतपणाच्या सव्वीस आठवड्यांच्या रजेत हिची बाजूही त्यांनीच ओढली. हे मला पहिल्या भेटीत कळलं नाही. पहिल्या भेटीत फक्त किल्ली कळली.

जीएसटी भरणाऱ्यांना जानेवारीची अडचण सांगायला नको. खरेदीचा ताळा ज्यावरून घ्यायचा ते 2बी नावाचं पत्रक पोर्टलवर 14 तारखेला येतं, आणि बडोद्यात 14 ला पतंगांचं उत्तरायण, 15 ला वासी उत्तरायण. दोन दिवस माणसं गच्चीवरून खाली उतरत नाहीत. 3बी, म्हणजे महिन्याचं कराचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख 20. उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये दंड, शिवाय राहिलेल्या करावर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज. म्हणजे महिन्याचं सगळ्यात नाजूक काम चार-पाच दिवसांत आटपायचं. यंदा त्यातला एक रविवार.

बेननी नागिणीच्या लशीचा दुसरा डोस घेतला शनिवारी, 17 ला संध्याकाळी. रविवारी ताप, अंग ठेचल्यासारखं. सोमवारी आल्या नाहीत. मंगळवारी, 20 तारखेला, सकाळी फोन आला की आजही जमत नाही. हिने ताळा घेतला, रिटर्न तयार केलं, आणि शेवटच्या पायरीवर अडकली. ओटीपी येतो तो एका जुन्या बटणांच्या फोनवर. तो फोन बेनच्या खणात, खणाला कुलूप, किल्ली बेनच्या पर्समध्ये, पर्स कारेलीबागेत. ही अ‍ॅक्टिव्हा काढून मकरपुऱ्याहून कारेलीबागेला गेली, म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. दार उघडलं तेव्हा बेन शाल पांघरून सोफ्यावर होत्या. उठून किल्ली दिली आणि म्हणाल्या, "चा पीने जजे, बेटा." ही चहा न घेता, एक शब्द न बोलता परत आली. रिटर्न वेळेत गेलं. झोप मात्र त्या दिवसापासून उडाली.

"ताई, दुसऱ्या डोसला दोन ते सहा महिन्यांची मुदत असते. मी शोधून काढलंय. पहिला त्यांनी ऑक्टोबरात घेतला. एप्रिलपर्यंत कधीही घेता आला असता. नेमका 17 लाच?"

तिची माहिती बरोबर होती. पन्नाशीनंतर घ्यायच्या या लशीचे दोन डोस असतात आणि मधलं अंतर लवचिक असतं. ताप, थकवा, अंगदुखी दोन-तीन दिवस चालू शकते, हेही तितकंच खरं. ज्या मुद्द्यावर ती जळत होती तिथे तर्काने ती जिंकलेलीच होती. मग झोप का उडावी?

मी विचारलं, "राग नेमका कशाचा आला? लशीचा, रजेचा, की किल्लीचा?"

जरा थांबून म्हणाली, "किल्लीचा." मग हसली, आणि नंतर रडली. "शनिवारी सहा वाजता माझ्यासमोर पर्स उचलून गेल्या हो. एक शब्द सांगितला असता तर किल्ली मागून घेतली असती."

माझा अनुभव असा की या प्रकारच्या भांडणांत लस क्वचितच कारण असते. रजाही नसते. आदल्या दिवशी न सांगितलेलं असतं. आणि न सांगण्यामागे बहुतेक वेळा बेफिकिरी नसून भिडस्तपणा असतो. आजाराची रजा मागताना लाज वाटत नाही, पण "मी स्वतः जाऊन टोचून घेतलंय, त्याने कदाचित ताप येईल" हे सांगताना आपण चोरी केल्यासारखे गप्प बसतो. ताप येईलच असं नाही, मग उगाच कशाला बोला, असं मनात येतं. सांगायला हवं ते नेमकं या "कदाचित"मुळेच. सहकाऱ्याला आपल्या रक्तदाबाची किंवा नागिणीची कहाणी द्यायची गरज नाही. कसली लस, कशासाठी, हे सांगणं ऐच्छिक आहे आणि दुसऱ्याने ते उकरून काढू नये. सांगायचं ते एवढंच: "शनिवारी माझी लस आहे. सोमवारी येण्याचा विचार आहे. ताप आला तर सकाळी आठच्या आत कळवते. 3बीचा कच्चा हिशेब डेस्कटॉपवर आहे, किल्ली तुझ्याकडे ठेवते." चार वाक्यं.

तारखेबद्दल मात्र मी तिच्या बाजूने पूर्ण नव्हते. सगळ्या लशींना एकच नियम लावता येत नाही. कुत्रा चावल्यानंतरची लस 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी घ्यायची असते. तिथे "ऑडिट आहे, तिसरं इंजेक्शन पुढच्या आठवड्यात घे" म्हणणाऱ्या साहेबाला सरळ नाही म्हणायचं. हेपॅटायटिस बीचे डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी. एखादा लांबला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, पुढचा घेऊन मालिका पूर्ण करतात. फ्लूची लस दरवर्षीची, तिचा परिणाम यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून साथ यायच्या आधी घ्यायची, पण त्यातही आठवडाभर इकडेतिकडे चालतं. जिथे सवड आहे तिथे आपल्या खात्याची गर्दी बघून तारीख घेणं हा शिष्टाचार. जिथे सवड नाही तिथे माफी मागत बसायचं कारण नाही. आणि एकाच खात्यातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घेऊ नये. एप्रिल 2021 मध्ये 45 वर्षांवरच्यांना लस खुली झाली तेव्हा अख्खी ऑफिसं उत्साहाने एकत्र गेली आणि दुसऱ्या दिवशी टेलिफोन उचलायला कोणी नव्हतं.

आणखी एक, कारण या बाबतीत लोक सर्रास गोंधळतात. लशीने आलेला ताप दुसऱ्याला लागत नाही. पण नाक गळतंय, घसा धरलाय आणि "लशीचंच असेल" म्हणत कोणी ऑफिसात बसलं असेल, तर त्याला घरी पाठवा. फ्लूच्या इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, त्याने सर्दी होत नाही. श्वास लागला, अंगावर गांध्या उठल्या किंवा ताप तीन दिवसांनंतरही हटला नाही, तर प्रश्न रजेचा राहत नाही, डॉक्टरांचा होतो.

दुसऱ्या भेटीत तिने पर्समधून कॅलेंडरचं एक पान काढलं, घडी घातलेलं. मागच्या बाजूला लाल पेनने बेनच्या गैरहजेरीच्या तारखा, पुढे हिने केलेली कामं. बँकेत जाणं, ई-वे बिलं, एका ठिकाणी "दोनदा" असं अधोरेखित. मी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, "तुझ्या रजांचं पान कुठे आहे?" बाळंतपणाची रजा तेव्हा निघाली. शिवाय बाळाला जुलाब झाले तेव्हाचे दिवस, सासूबाई पडल्या तेव्हाचे. हिशेब सारखा निघाला असं मी म्हणणार नाही. मला वाटतं बेनच थोड्या घेणेकरी होत्या. पण मुद्दा तो नव्हता. हिच्या हिशेबाची बेनना गंधवार्ताही नव्हती, आणि ज्याला देणं ठाऊकच नाही तो फेडणार कसं?

याच भेटीत खरी गाठ सुटली. मुलाचं डीपीटीचं बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस फेब्रुवारीत द्यायचा होता, आणि ऑफिसात सांगायचं होतं "सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय." का? "लस म्हटलं तर बेन मनात म्हणतील, आता बघ." म्हणजे बेनना ज्या काट्यावर तोललं, त्याच काट्यावर आपल्याला कोणी चढवेल याची भीती. खोटं कारण मी तिला स्पष्ट नको म्हटलं. निव्वळ नीतीसाठी नव्हे. छोट्या ऑफिसात सासूबाईंची चौकशी आठवडाभर चालते, आणि खरंच त्या आजारी पडल्या तर काय सांगणार?

मग आम्ही तारखा मांडल्या. अंगणवाडीतला ममता दिवस, म्हणजे लसीकरणाचा दिवस, बुधवारचा. बुधवार आले 4, 11, 18, 25. चार तारीख तर दोन दिवसांवर, तयारी नाही. 11 ला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख. 18 म्हणजे 20 च्या तोंडावर. राहिला 25. हे बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधलं, तेव्हा तीन आठवड्यांनी काही बिघडत नव्हतं, आणि आशाताईंना विचारून तिने खात्रीही केली. डीपीटीचा ताप आला तर त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो, मांडी सुजते, मूल कडेवरून उतरत नाही. म्हणून 26 ची रजा आधीच टाकायची. गोवरच्या लशीचा ताप मात्र आठवडा-दहा दिवसांनी डोकावू शकतो, हे आयांना कोणी सांगत नाही आणि मग त्या घाबरतात. तेही दिवस 11 मार्चच्या आत पडत होते.

बदली काम करणाऱ्याचाही एक शिष्टाचार आहे, आणि तो हिला शिकायचा होता. रजेवरच्या माणसाचं सगळं काम आपण करायचं नसतं. जे उद्यावर ढकलता येत नाही तेवढंच करायचं, आणि बाकीचं "परत आल्यावर तुमचं" म्हणून त्यांच्या टेबलावर ठेवायचं. हिने सोमवारी बेनच्या दोन पार्ट्यांच्या खतावण्याही जुळवून ठेवल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. नंतर त्याचाच राग धरला.

बेनशी ती बोलली ते जेवणाच्या सुट्टीत. आम्ही वाक्य ठरवून ठेवलं होतं: "त्या दिवशी मी चहा न घेता आले, ते बरं नाही केलं. पण मला शनिवारी कळायला हवं होतं." आधी चहा, मग तक्रार, हा क्रम तिचा स्वतःचा. बेन म्हणाल्या, मुलगा उत्तरायणला बेंगळुरूहून आला होता, रविवारी परत जाणार होता, तोच हाताला धरून घेऊन गेला. नणंदेला नागीण झाली होती, तिच्या वेदना महिनोन् महिने गेल्या नाहीत, हे बघून मुलगा धास्तावलेला. "मला वाटलं रविवारात उतरेल," त्या म्हणाल्या. पहिल्या डोसला काहीच झालं नव्हतं. 25 आणि 26 चं ऐकून त्यांनी लगेच स्वतःच्या डायरीत लिहून घेतलं, आणि खणाची दुसरी किल्ली करून आणली.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चीड आली ती साहेबांची. 20 तारखेला सकाळी हिने त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले होते, "तुम्ही दोघी आपसात बघून घ्या." दोन माणसांच्या खात्यात एक आजारी पडणारच. ओटीपीचा फोन एका खणात राहणार नाही हे बघणं मालकाचं काम आहे. ते झालं नाही की दोन बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसतात आणि त्याला स्वभावदोष म्हणतात. पोर्टलवर मोबाइल नंबर बदलता येतो, फोन ऑफिसच्या टेबलावर ठेवता येतो. हे दोघींनी मिळून साहेबांना सांगायचं असं ठरलं आहे. ती म्हणते, वर्षअखेर आहे, 31 मार्च जाऊ दे, मग बोलू. मी म्हटलं, 31 मार्चच्या आधीच बोला.