पिशवीत राहिलेला रिपोर्ट

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे. रात्री चार-चारदा लघवीला उठत म्हणून मागच्या वर्षी तालुक्याच्या खासगी दवाखान्यात नेलं. पीएसए (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) १८ आला. डॉक्टर म्हणाले, "वयामुळं होते," अन् गोळ्या दिल्या. रिपोर्ट बियाण्याच्या पावत्यांच्या पिशवीत राहिला. यंदा पऱ्हाटी वेचताना त्यांची कंबर धरली. नागपुरात कळलं, कॅन्सर हाडात गेला. दाद मागता येते काय?
— एक वाचक, आर्णी तालुका

उत्तर : भाऊ, वाचून जीव कळवळला. पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. प्रोस्टेट ग्रंथी सुजली, वाढली तरी आकडा चढतो. पण साधारण ४ च्या वर शंका घेतात, इथं १८! फेरतपासणी, गुदद्वारातून बोटानं ग्रंथीची तपासणी, यूरोलॉजिस्टकडं (मूत्ररोगतज्ज्ञाकडं) पाठवणं, यातलं काहीच झालं नसेल तर तो निष्काळजीपणा ठरू शकतो. उशिरामुळंच आजार बळावला हे मात्र तज्ज्ञाच्या लेखी मतानं दाखवावं लागेल. खरी लढाई तिथंच आहे.

तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. मुदत २ वर्षांची. चूक यंदा कळली या भरवशावर थांबू नका. दवाखान्याकडं केसपेपर लेखी मागा, ७२ तासांत द्यावे लागतात. पिशवीतला मूळ रिपोर्ट कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्सच द्या. अन् खटल्यापायी बाबांची नागपूरची एकही तारीख चुकवू नका. हाडात गेलेल्या आजारावरही हार्मोनचे उपचार आहेत.