व्हॅनमधल्या मॅमोग्राफीनंतर परत बोलावलंय, पुढे काय?

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंची भोरकडच्या गावात व्हॅनमध्ये मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) झाली, चिठ्ठीवर 'बायरॅड्स ०' (मॅमोग्राफीच्या निकालाचा क्रमांक) आहे आणि त्या म्हणतात, "दुखत नाही काही, लावणी उरकली की बघू." शिबिरांनंतर बायकांचा पाठपुरावा करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यावरून सांगते.

० म्हणजे तपासणी अर्धवट आहे. जादा फिल्म किंवा सोनोग्राफी झाल्याशिवाय काहीच ठरवता येत नाही. असं परत बोलावलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर निघत नाही, हे त्यांना आधी सांगा. ३ असता तर सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. ४ किंवा ५ असता तर थेट बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी. ० ला सहा महिने थांबायचं नसतं. आणि सुरुवातीची कॅन्सरची गाठ बहुधा दुखतच नाही, त्यामुळे न दुखण्यावर विसंबू नका.

आता एक गोष्ट आजच करा. शिबिराच्या फॉर्मवर फोन नंबर कोणाचा दिलाय ते बघा. निम्म्या घोळाचं मूळ तिथेच असतं. नंबर मुलाचा, मुलगा चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये फोन बंद. इकडे आयोजकांच्या वहीत 'प्रतिसाद नाही' अशी नोंद होते आणि बाई सुटते ती सुटतेच. तुमचा नंबर द्या, गावच्या आशाताईंनाही कळवून ठेवा. सासूबाई तुमच्यापेक्षा त्यांचं पटकन ऐकतील (सुनेचं कोण ऐकतं!).

नुसती चिठ्ठी घेऊन निघू नका. मूळ फिल्म किंवा सीडी मागून घ्या, नाहीतर पुण्यात सगळं पहिल्यापासून. स्वारगेटपर्यंत एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तिथून सरकारी ससून रुग्णालय लांब नाही. ओपीडी सकाळची, लवकर पोचा. आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा. पुढे उपचार लागलेच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, तपासण्यांचे पैसे भरण्याआधी त्याला गाठा.

बायोप्सी सांगितली तर घरात कोणीतरी म्हणेलच, "सुई लावली की पसरतं." तसं होत नाही. जागा बधिर करून सुईने तुकडा घेतात, त्याच दिवशी घरी येता येतं. उलट तपासाआधीच "गाठ काढून टाकू" म्हणणाऱ्या डॉक्टरांपासून सावध राहा. आधी निदान, मग ऑपरेशन. कॅन्सर निघालाच तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (हार्मोनला प्रतिसाद देणारे घटक) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) बघतात, औषधं त्यावरून ठरतात.

लावणीचं म्हणाल तर जाऊबाईंना दोन दिवस सांभाळायला सांगा. तुम्ही स्वतः सोबत जा. बायोप्सीचा रिपोर्ट कधी, कुठल्या खिडकीवर आणि कोणाच्या हातात मिळणार, हे तिथून निघण्याआधी केसपेपरवर लिहून घ्या.