मुंग्या मारून मावा जात नाही

प्रश्न : गुलाब व जास्वंदीच्या शेंड्यांवर हिरवे-काळे बारीक किडे आहेत. पाने चिकट होऊन काळी पडताहेत, मुंग्याही चढतात. मुंग्यांची पावडर टाकली, तरी किडे कमी होत नाहीत. काय फवारावे?

उत्तर : हा मावा आहे. मुंग्या झाड खात नाहीत, त्या माव्याच्या राखणदार आहेत. मावा कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसून रस शोषतो आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंग्या त्यासाठीच येतात आणि माव्याच्या शत्रूंना हुसकावतात. पानावरची काळी बुरशीही त्याच चिकट्यावर वाढते. पानांवर दिसणारा पांढरा कोंडा म्हणजे माव्याने टाकलेली कात.

माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते आणि उबदार हवेत ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः प्रजननक्षम होतात. म्हणून एका फवारणीत काम भागत नाही.

आधी पान उलटून बघा. फुगलेले, तपकिरी, कागदासारखे मावे दिसले तर त्यांच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीची अळी आहे. पाठीवर गोल भोक असेल तर ती माशी बाहेर पडलीसुद्धा. अशा फांदीवर काहीच फवारू नका. काळसर, नारिंगी ठिपक्यांची, इवल्याशा मगरीसारखी अळी दिसली तर तीही मारू नका. ती ढालकिड्याची अळी असून दिवसभर मावाच खाते. लोक नेमकी हिलाच चिरडतात!

मित्रकीटक नसतील तर सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालच्या बाजूने मारा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. फार भरलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका. तरीही उरला तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल व थोडा सौम्य द्रवसाबण घोळून संध्याकाळी फवारा. आधी एका फांदीवर करून बघा. कपड्यांची पावडर नको, पाने करपतात. द्रावण अंगावर पडेल तोच मावा मरतो, त्यामुळे शेंडा नीट भिजवा आणि 5 ते 7 दिवसांनी पुन्हा फवारा.

जास्वंदीवर कापसासारखे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण. अंगावरच्या मेणामुळे त्याच्यावर पाणी ठरत नाही. ती फांदीच काढा.

आणि युरिया देत असाल तर सध्या थांबवा. नत्राने येणारी लुसलुशीत पालवी माव्याला हवीच असते.