चहा दर वेळी तुम्हीच का ओतता?

पत्र : ताई, मी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहायला शरणपूर रोडला. नाशिकमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या परदेशी लोकांसाठी आमच्या चर्चच्या महिला मंडळाने दर शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये चहा-नाश्ता आणि गप्पांचा क्लब सुरू केला. आधी हॉल भरायचा, आता जेमतेम चार-पाच जण येतात. मलावीची एक मुलगी माझ्याशी छान रुळली होती. एकदा ती कप विसळायला उठली, तर आम्ही तिला हाताला धरून बसवलं. हल्ली ती फोनसुद्धा उचलत नाही. कमिटीतले दोघं वडीलधारे म्हणतात, नुसता चहा पाजून काय उपयोग, दहा मिनिटं धर्माचा संदेश द्या, पत्रिका वाटा. शेजारच्या सोसायटीत वेगळीच कुजबुज : ‘बाटवायला बोलावतात.’ माझं मनच उडालंय. क्लब बंद करू का?

उत्तर : बाई (शिक्षिकेला मी बाईच म्हणणार), बंद करू नका. पण आत्ता चाललाय तसाही चालवू नका.

तुमच्या पत्रातल्या कमिटीपेक्षा मी त्या कपांपाशी जास्त वेळ अडकले. पाहुण्याने मोरीपाशी जावं ही आपल्याकडे यजमानाची नामुष्की, त्यामुळे ‘अगं, तू कशाला, तू बस’ हे तुम्ही प्रेमानेच म्हणालात. पण तिच्या बाजूने बघा. ती दर शनिवारी भिंतीलगतच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात चिवड्याची डिश घेऊन बसते. समोर अख्खं मंडळ आणि प्रश्न ठरलेले : घरी कोण कोण असतं, काय शिकतेस, आपलं तिखट चालतं का? हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम पहिल्यांदा गंमत म्हणून कुणीही निभावेल, दर आठवड्याला नाही. ती कप घ्यायला उठली तेव्हा त्या खुर्चीतून सुटायला बघत होती. तुम्ही तिला परत तिथेच बसवलंत.

तेव्हा महिन्यातला एक शनिवार त्यांच्या ताब्यात द्या. हॉलचं स्वयंपाकघर, गॅस, पातेली, सगळं. मलावीत मक्याच्या पांढऱ्या पिठाचं न्सिमा रोजच्या जेवणात असतं. ते घोटायला मनगटात चांगली ताकद लागते. तुमच्या मंडळातल्या दोघी-तिघींना त्या पातेल्याशी उभं करा आणि चुका काढायचं काम त्या मुलीकडे द्या. खुर्च्या भिंतीपासून सोडवून चार-चारच्या गोलात मांडा. ‘कुठून आलीस’ हा प्रश्न काही दिवस बंद ठेवा.

दुसरं, चिवड्याहून मोठी गरज कागदांची असते. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या स्टुडंट व्हिसावर आलेल्याला १४ दिवसांत नोंदणी करावी लागते आणि परदेशी माणसाला खोली देणाऱ्याला २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते (पूर्वी याला ‘सी फॉर्म’ म्हणत). हे ठाऊक नसलेला घरमालक घाबरतो आणि सरळ ‘खोली नाही’ म्हणतो. तुमचं आयुष्य दाखले आणि फॉर्म भरण्यात गेलंय, बाई. एक टेबल, एक लॅपटॉप आणि तुम्ही, एवढं असलं तर चहा पांचट झाला तरी लोक येतील.

आता कमिटी. संदेश आणि पत्रिकेला माझा साफ विरोध आहे, आणि तो श्रद्धेला नाही. गप्पांसाठी बोलावून संदेश ऐकवणं ही फसवणूक झाली. चर्चने चालवलेला क्लब आहे हे बोर्डावर ठळक लिहा, लपवू नका. ‘रविवारी उपासना असते, यायचं त्याने यावं’ हेही लिहा. शनिवारी मात्र फक्त चहा. शिवाय एक सांगून ठेवते : कुणा विद्यार्थ्याला व्यासपीठावर उभं करून ‘साक्ष’ द्यायला, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव सांगायला, चुकूनही लावू नका. धर्मप्रचाराचं काम स्टुडंट व्हिसात बसत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. तुमच्या उत्साहाची किंमत तो बिचारा भरेल.

वडीलधारे बहुधा शरणपूरचा इतिहास काढतील. काढू द्या, अभिमानाचाच आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं चर्च मिशनरी सोसायटीने इथेच वाढवली, त्यांना कसब शिकवलं. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शवपेटीसोबत इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत ती पेटी नेणाऱ्यांत होता. नाशिकच्या किती शाळांत हे सांगतात कोण जाणे! पण त्या लेकरांना ‘तुला काय हवं’ असं विचारायची सोयच नव्हती. आजची मुलं फी भरून, तिकीट काढून स्वतःच्या पायांनी आलीत. त्यांना विचारावं लागेल.

सोसायटीतल्या कुजबुजीला खुलासे देत बसू नका. त्यातल्या दोघा-चौघांना शनिवारी बोलवा. एखाद्या काकू आल्या तर त्यांच्याकडून थालीपीठ थापून घ्या. न आल्या तर आपलं काम चालू ठेवा.

आणि त्या मुलीला आता फोन करू नका. फोन उचलला की खुलासा करावा लागतो. मेसेज पाठवा, आणि त्यात ‘का येत नाहीस’ नको, ‘आम्हाला तुझी आठवण येते’ तर अजिबातच नको. एवढंच लिहा : ‘येत्या शनिवारी न्सिमा करायचं ठरवतोय, आमच्यातल्या कुणालाच येत नाही. पीठ मी आणते. किती आणू?’