परसातली सर्पगंधा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात दुर्मिळ औषधी वनस्पतींविषयी लिहिताना सर्पगंधेचा उल्लेख ओघात आला होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांतील तक्रार एकच आहे : रोप हौसेने आणले, पण ते पावसाळ्यापलीकडे टिकले नाही. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

*दोन वर्षांपूर्वी बाजारातून सर्पगंधेचे रोप म्हणून एक झाड घेतले. ते आता कमरेएवढे झाले असून आजूबाजूला, अगदी चिऱ्यांच्या गडग्याच्या फटींतसुद्धा, त्याची दहा-बारा रोपे आपोआप उगवली आहेत. ही वनस्पती दुर्मिळ असल्याचे आपण लिहिले होते. मग ती इतकी कशी माजते?*
— एक वाचक, डिचोली

आपला संशय रास्त आहे. आपल्या परसात जे वाढते आहे ते बहुधा सर्पगंधेचे परदेशी भावंड असावे. रौवोल्फिया टेट्राफिला ही मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती आपल्याकडे चांगलीच रुळली आहे, आणि पाखरे तिची फळे खाऊन बिया इकडेतिकडे टाकत असल्यामुळे ती न लावताही उगवते. खरी सर्पगंधा, म्हणजे रौवोल्फिया सर्पेंटिना, इतकी उदार नाही. मी तर असे म्हणेन, की सर्पगंधा म्हणून घेतलेले झाड काहीही न करता जोमाने वाढू लागले, तर आनंद मानण्याआधी त्याची पाने मोजावीत.

एका पेरावर किती पाने आहेत ते पाहा. खऱ्या सर्पगंधेत ती बहुधा तीन असतात, क्वचित चार किंवा पाच, आणि आकाराने साधारण सारखी असतात; वरून गडद हिरवी व तुळतुळीत, खालून फिकट. टेट्राफिलाच्या पेरावर चार पाने येतात आणि ती हमखास लहानमोठी असतात, दोन मोठी व दोन त्यांच्यापुढे अगदीच पोरकी. फुलांवरून तर शंकाच उरत नाही. टेट्राफिलाची फुले इवलीशी, पांढुरकी आणि मडक्यासारख्या आकाराची असतात. सर्पगंधेच्या फुलाची नळी लांब व नाजूक असते, तिच्या टोकाला पांढऱ्या-गुलाबी पाकळ्या उघडतात, आणि फुलांचा देठ व पुष्पकोश लालभडक असल्यामुळे फुले गळून गेल्यावरही गुच्छ दुरून लाल दिसत राहतो. फळांचेही तसेच आहे : टेट्राफिलाचे फळ हिरव्यावरून लाल व मग काळे होते, तर सर्पगंधेचे वाटाण्याएवढे फळ हिरव्यावरून थेट जांभळट काळ्याकडे जाते.

झाडाची उंचीही ध्यानात घ्यावी. सर्पगंधा हे बहुवर्षायू झुडूप असले तरी ते सहसा गुडघ्याच्या फारसे वर जात नाही. त्याचा सारा व्यवहार जमिनीखाली चालतो. आपले झाड उपटून टाकावे असे मात्र माझे म्हणणे नाही. ते विषारी आहे हे लक्षात ठेवून, काळीभोर फळे लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा बेताने, शोभेसाठी जरूर ठेवावे.

*आमचे घर सांगे तालुक्यात आहे. मे महिन्यात चाळीस बिया पेरल्या, त्यांतून जेमतेम सहा रोपे आली. जुलैमध्ये ती वाफ्यात लावली आणि ऑगस्ट संपेपर्यंत पाच पिवळी पडून गेली. बियाणे खराब होते की आमची जमीन?*
— एक वाचक, सांगे

चाळिसातून सहा हे प्रमाण कमी आहे, पण सर्पगंधेच्या बाबतीत त्याचे नवल वाटू नये. या वनस्पतीच्या कित्येक फळांतील आठळी आतून पोकळच असते, आणि जी भरलेली असते तिचे कवचही कठीण असते. म्हणून बी पेरण्याआधी पारखून घ्यावे लागते. फळे काळी पडतील तशी ती वेचावीत, कारण सगळी एकदम पिकत नाहीत. त्यांचा गर पाण्यात चोळून काढावा आणि बिया भांड्यातील पाण्यात सोडाव्यात. ज्या तरंगतील त्या निःसंकोच फेकून द्याव्यात. बुडालेल्या बिया सावलीत वाळवाव्यात व पेरण्यापूर्वी एक दिवस पाण्यात भिजत ठेवाव्यात. बी जितके ताजे तितके बरे. सहा-सात महिन्यांनंतर त्याची उगवण झपाट्याने घटते आणि वर्षभर डब्यात राहिलेल्या बियाण्यावर विसंबण्यात अर्थ नसतो. आणखी एक गोष्ट : सगळ्या बिया एका वेळी उगवत नाहीत. काही तीन-चार आठवड्यांत येतात, काही त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, आणि तोवर आपण निराश होऊन वाफा मोडलेला असतो.

पण आपली पाच रोपे गेली ती बियाण्यामुळे नव्हे. ती पाण्याने गेली असणार. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. सर्पगंधेला दमट हवा आवडते, पाऊसही मानवतो. तिला सोसत नाही ते मुळाशी साचलेले पाणी. आपल्या जांभ्या जमिनीची गंमत अशी की वरची भरड माती पाणी पटकन पिते, परंतु हात-दीड हातावर चिऱ्याचा सलग थर लागला तर ते पाणी तेथेच अडते. खड्डा खणून त्यात उत्तम खतमाती भरली, तर आपण नकळत दगडात कोरलेली एक कोंडी तयार करतो आणि रोप तिच्यात बुडवतो.

हे मी अनुभवाने सांगत आहे. फोंड्याच्या घरी मी पहिल्यांदा नऊ रोपे लावली ती कौलांच्या पागोळ्या पडतात त्या ओळीत, तेथे ओल छान राहते अशा समजुतीने. श्रावण सरेपर्यंत सहा गेली. एक रोप उपटून पाहिले, तेव्हा मुळाची साल बोटांना मोज्यासारखी निसटून आली आणि हातात नुसती पांढरी काडी राहिली. त्या वासावरून आणि त्या निसटणाऱ्या सालीवरून मूळकूज ओळखायला मी तेव्हा शिकलो.

यंदा खड्डा खणू नये. उलट, वीतभर उंचीचा वाफा जमिनीच्या वर उभारावा, कडेला चिरे लावावेत आणि दोन वाफ्यांमध्ये पाणी वाहून जाईल असा उतार ठेवावा. निम्मी लाल माती, उरलेल्या निम्म्यात कुजलेला पालापाचोळा, जुने शेणखत आणि नदीची वाळू असे मिश्रण चांगले मानवते. माती किंचित आम्लधर्मी असली तरी बिघडत नाही, म्हणून आपल्याकडे वेगळे काही करावे लागत नाही. राख मात्र सवयीने टाकू नये. रोपांना सहा पाने आल्यावर, साधारण चाळीस-पन्नास दिवसांनी, ती हलवावीत, दोन रोपांत एक फूट आणि दोन ओळींत दोन फूट अंतर ठेवावे. जुलैच्या झडीत रोपांवर माडाची चुडते तिरकी टेकवून ठेवली, की थेंबांचा मार चुकतो आणि उजेडही मिळतो. चुडते आडवी अंथरून वाफा झाकून टाकल्यास मात्र खाली बुरशी माजते.

ज्यांच्याकडे कुळागर आहे त्यांनी सुपारीच्या झाडांमधील विरळ सावलीत सर्पगंधा लावून पाहावी, पण पाटाच्या पाण्याच्या वाटेत नव्हे, त्याच्या वरच्या अंगाला. अशी अर्धवट सावली तिला उघड्या उन्हापेक्षा अधिक मानवते.

बियांचा हा सारा खटाटोप टाळायचा असेल तर मुळांपासून लागवड करावी. दीड-दोन वर्षांच्या झाडाच्या मुळाचे 2.5 ते 5 सेंटिमीटर लांबीचे तुकडे पावसाच्या सुरुवातीला वाळूमिश्रित मातीत उभे रोवतात, वरचे टोक मातीच्या पृष्ठभागाशी ठेवून. महिन्याभरात अंकुर दिसू लागतात. सर्वांत खात्रीचा भाग म्हणजे खोडाचा बुंधा : थोडे खोड आणि त्याला लागून दोन बोटे मूळ. खोडाच्या नुसत्या काड्यांना पाने लवकर फुटतात आणि आपण खूश होतो, परंतु खाली मुळे धरतीलच असे नाही.

*मडगावात आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. गॅलरीतील कुंडीत सर्पगंधा येईल काय? आणि पाने कुरतडणारी हिरवी अळी दिसली आहे, तिला काय करावे?*
— एक वाचक, मडगाव

येईल. कुंडी रुंद नसली तरी चालेल, खोल असावी. निदान दीड फूट, कारण मूळ सरळ खाली जाते. सकाळचे ऊन मिळावे, दुपारचे नको. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. डिसेंबरपासून मेपर्यंत वरची दोन बोटे माती सुकल्यावरच पाणी घालावे. कोरड्या दिवसांत थोडी पाने गळतील, त्याला घाबरून पाणी वाढवू नये. हिवाळ्यात पाने टाकणे हा तिचा स्वभाव आहे.

अळी जाडजूड, हिरवीगार आणि डोक्यामागे दोन निळे डोळे रंगवल्यासारखी असेल, तर ती कण्हेर आणि तगर खाणाऱ्या मोठ्या पतंगाची. तगर, कण्हेर आणि सर्पगंधा ही एकाच कुळातील, तेव्हा तिला हेही पान चालते. हाताने उचलून दूर तगरीवर सोडावी. एका कुंडीसाठी औषध फवारण्याचे काही कारण नाही.

*घराभोवती सर्पगंधा लावल्यास साप येत नाहीत आणि सर्पदंशावर तिचे मूळ उगाळून लावतात, असे आमचे जाणते सांगतात. आमच्या भागात साप पुष्कळ आहेत. किती झाडे लावावीत?*
— एक वाचक, पेडणे

साप दूर ठेवण्यासाठी एकही लावू नये, कारण त्याने साप दूर राहत नाहीत. सर्पगंधेच्या दाट झुडपाखाली बेडूक व उंदीर आसऱ्याला आले, तर त्यांच्यामागे साप खुशाल येईल.

ही समजूत फार जुनी आहे हे मात्र खरे. मुंगूस सापाशी झुंजण्याआधी या झाडाचे मूळ चावतो अशी गोष्ट आपण सर्वांनीच ऐकलेली असते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने आपला औषधी वनस्पतींवरील ग्रंथ 1563 साली येथे गोव्यातच छापला; त्यात ‘पाव द कोब्रा’, म्हणजे सापाचे लाकूड, यावर एक संवाद आहे आणि त्याने वर्णिलेल्या प्रकारांपैकी एक सर्पगंधा असावी असे अभ्यासक मानतात. नावातील साप काहींच्या मते या उपयोगातून आला, काहींच्या मते मुळाच्या नागमोडी आकारातून. पण सर्पदंशाच्या विषावर उतारा एकच आहे, तो म्हणजे रुग्णालयात मिळणारे प्रतिविष. मूळ उगाळण्यात अर्धा तास गेला तर तो अर्धा तास परत मिळत नाही. दंश झालेला भाग हलवू न देता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे.

*आमचे झाड तीन वर्षांचे झाले. मूळ केव्हा व कसे काढावे? यजमानांना रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांना घरीच चूर्ण करून देण्याचा विचार आहे.*
— एक वाचिका, म्हार्दोळ

आधी दुसऱ्या गोष्टीविषयी. असे चूर्ण घरी देऊ नये. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण खरा आहे; मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये त्यावरील आपले अनुभव ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि 1952 मध्ये तिच्या मुळातून रेसर्पीन हे रक्तदाब उतरवणारे द्रव्य वेगळे काढण्यात आले. परंतु गुण खरा म्हणूनच धोकाही खरा. रक्तदाब नको तितका उतरणे, नाडी मंदावणे, आणि मन खोल उदास होणे हे तिचे परिणाम नोंदले गेले आहेत. एका मुळात औषधी अंश किती आहे हे चव घेऊन कळत नाही. दोन शेजारच्या झाडांतही तो सारखा नसतो. यजमान आधीच गोळ्या घेत असतील तर दोन्हींचा परिणाम एकत्र होईल. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून चिमूटभरही देऊ नये.

रेसर्पीनचा शोध लागल्यानंतर जगभरातून मागणी आली आणि जंगलांतील सर्पगंधा पोत्यांनी उपसली गेली. मूळ काढले की झाड संपते, म्हणून ती इतक्या लवकर विरळ झाली. 1990 पासून तिचा समावेश साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. या प्रश्नाशी संबंध नसला तरी सांगून ठेवतो : नेत्रावळी किंवा म्हादईच्या रानात फिरायला गेल्यावर दिसलेले झाड उपटून आणू नये. तो गुन्हा तर आहेच, शिवाय रानातून मूळ तोडून आणलेले झाड परसात बहुधा जगत नाही.

आता आपल्या झाडाविषयी. मूळ काढण्याची वेळ डिसेंबर-जानेवारी, पाने गळल्यावर. त्या दिवसांत मुळातील औषधी अंश अधिक असतो. आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्यावे, म्हणजे जांभ्याची माती सैल होते. कुदळ बुंध्यापासून हातभर लांब मारावी आणि मूळ ओढू नये, भोवतीची माती काढत खाली जावे. औषधी द्रव्याचा बहुतांश भाग सालीत असतो, त्यामुळे साल खरवडली गेली तर मेहनत वाया जाते. माती धुऊन मुळे सावलीत वाळवावीत. बाहेरून मातकट-तपकिरी, आतून फिकट पिवळसर असे वाळके मूळ मोडताना कट्कन आवाज आला की ते साठवण्याजोगे झाले. ते जाणत्या वैद्यांना दाखवावे आणि पुढचे त्यांच्यावर सोपवावे.

सगळे मूळ मात्र काढू नये. बुंध्याला दोन बोटे मूळ ठेवून तो त्याच दिवशी ओलसर वाळूत रोवावा, सावलीत ठेवावा व पहिल्या पावसानंतर उंच वाफ्यात हलवावा.